इंजिनियर अकरावीत नाही, आठवी-नववीत घडतो



१६ जूनपासून मासेमारी बंद आहे. १५ ऑगस्टपर्यंत जाळी खुंटीला आणि डोंगे काठावर. याच दिवसांत शाळा उघडतात, अकरावीचे प्रवेश होतात, बारावी झालेल्यांचं कॉलेज ठरतं. आणि दरवर्षी याच दिवसांत समितीत तेच प्रश्न येतात. "पोट्ट्याले इंजिनियर कराचं हाय. अकरावीत गणित देऊ का? क्लास कोणता लावू? नागपूरले टाकू का छिंदवाड्याले?"

प्रश्न चांगले आहेत. आपल्या घरात हे प्रश्न येऊ लागले याचा आम्हाला आनंदच आहे. पण आमचं स्पष्ट मत आहे की हे प्रश्न आपण तीन वर्षं उशिरा विचारतो. अकरावीत फक्त फॉर्म भरला जातो. पोरगा गणित पेलणार की नाही, हे आठवी, नववी आणि दहावीतच ठरून गेलेलं असतं.

कसं ते सांगतो. अपूर्णांक आणि टक्केवारी नीट आली नाही तर बीजगणित अडतं. बीजगणित अडलं तर समीकरण सुटत नाही. समीकरण सुटलं नाही तर भौतिकशास्त्राचं गणित नुसतं पाठ करावं लागतं. त्रिकोणमिती दहावीत कच्ची राहिली तर अकरावीतलं बल, वेग, गती सगळं डोक्यावरून जातं. मग पोरगा म्हणतो, "बाबा, माह्याच्यानं नाही होत." आपण म्हणतो, "जाऊ दे, आपल्या नशिबात नाही." नशिबाचा काही संबंध नाही. जाळ्याला भोक पडलं तर आपण त्याच संध्याकाळी विणायला बसतो. नाही विणलं तर दुसऱ्या दिवशी मासळी तिथूनच निघून जाते. गणिताचं भोक आपण तीन-तीन वर्षं तसंच ठेवतो आणि अकरावीत विचारतो, मासळी कुठं गेली?

गणित आपल्या घरचंच आहे

काही जण म्हणतात, "आपल्याले का कराचं हाय गणित? जाळं तं फेकाचं हाय." हे आम्हाला पटत नाही. जो माणूस तलावाचा पट्टा घेतो तो रोज गणितच करतो.

एक उदाहरण धरा. तलाव ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद. क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर, म्हणजे ०.४ हेक्टर. हेक्टरी ५,००० बीज टाकायचं ठरलं तर या तलावात २,००० बीज लागेल. शंभरातले ६० जगले तर १,२०० मासे. एकेक ७५० ग्रॅमचा झाला तर ९०० किलो माल. त्या वेळी वजनाच्या २ टक्के खाद्य द्यायचं म्हटलं तर दिवसाला १८ किलो. हा सगळा हिशोब सातवी-आठवीचा आहे. आपल्या लेकराला पुस्तकातला हौद आणि नळ समजत नसेल तर त्याला आपल्या तलावाचा हिशोब करायला द्या. तेच गणित आहे.

विज्ञानाचंही तसंच. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात हे आपल्या घरातल्या लहान पोरीलाही माहीत आहे. पण का? दिवसा उन्हात पाण्यातली हिरवी शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री ते काम बंद पडतं, पण मासे, शेवाळ आणि तळातला गाळ प्राणवायू वापरतच राहतात. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

मोठ्या बोटींवर पाण्याची खोली मोजणारं यंत्र असतं. त्याचा हिशोब नववीतल्या ध्वनीच्या धड्यात आहे. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. वरून सोडलेला आवाज तळाला आपटून ०.०२ सेकंदात परत आला तर जाऊन-येऊन ३० मीटर झाले, म्हणजे खोली १५ मीटर.

आणि धरण? तोतलाडोहाची भिंत खाली इतकी जाड कशाला? कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. दर १० मीटरला जवळपास एक वातावरणाइतका दाब वाढतो. पाणी दुप्पट खोल झालं की भिंतीवरचा एकूण जोर चौपट होतो. हे ज्याला समजलं त्याची इंजिनियरिंगची सुरुवात झाली.

आपलं लेकरू पाण्याजवळ वाढतं. त्यानं डोळ्यानं पाहिलेलं पुष्कळ असतं, फक्त त्याला आकड्याची जोड मिळत नाही. ती आठवी-नववीत मिळाली पाहिजे.

तीन भाषांचा पेच

रामाकोन्याच्या पोरांची एक अडचण आहे, ती पुण्या-नागपूरच्या पोरांना नाही. घरात मराठी, शाळेत बहुतेक ठिकाणी हिंदी, आणि इंजिनियरिंग कॉलेजात इंग्रजी. आपण ज्याला अपूर्णांक म्हणतो त्याला हिंदीच्या पुस्तकात 'भिन्न' म्हणतात. मराठीत भिन्न म्हणजे वेगळं! आपण छेद म्हणतो, तिथं 'हर' लिहिलेलं असतं. आपण घनता म्हणतो, तिथं 'घनत्व', आणि कॉलेजात गेल्यावर 'डेन्सिटी'. पोरगा गणितात कच्चा नसतो, तो शब्दात अडकतो. मास्तरला वाटतं याला येत नाही, पोराला वाटतं मी ढ आहे.

याला खर्च लागत नाही. एक वही घ्या, तीन रकाने आखा : मराठी, हिंदी, इंग्रजी. इंग्रजी शब्दही आधी देवनागरीत लिहिला तरी चालेल. आठवीपासून रोज दोन शब्द लिहिले तरी दहावीपर्यंत हजाराच्या वर शब्द होतात. अकरावीत इंग्रजी पुस्तक हातात आलं तरी पोरगा घाबरणार नाही.

जेईई मेन परीक्षा मराठीतही देता येते, पण मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. हिंदी आणि इंग्रजी सगळीकडे. फॉर्म भरताना भाषा आणि केंद्र दोन्ही विचार करून भरा. ज्या भाषेत दोन वर्षं अभ्यास केला, तीच भाषा घ्या. घरात मराठी बोलतो म्हणून ऐनवेळी मराठी पेपर घेणं चुकीचं होईल.

नागपूर की मध्य प्रदेश?

हा प्रश्न आपल्या सीमेवरच्या लोकांचा खास आहे, म्हणून नीट वाचा. नागपूर जवळ, भाषा आपली, नातेवाईक तिथं. म्हणून दहावी झाली की पुष्कळ जण पोराला तिकडं पाठवतात. पाठवू नका असं आम्ही म्हणत नाही. पण त्याचा परिणाम माहीत करून पाठवा.

एनआयटी कॉलेजांत निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. राज्य कोणतं हे घरच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी कोणत्या राज्यातून पास केली यावरून ठरतं. मुलानं बारावी इकडे केली तर भोपाळच्या मॅनिटमध्ये त्याला घरच्या राज्याची जागा मिळू शकते, आणि जवळचं नागपूरचं व्हीएनआयटी त्याच्यासाठी परराज्य होतं. बारावी महाराष्ट्रात केली तर बरोबर उलट.

आणखी एक. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना इथल्या रहिवाशांसाठी आहे. एमपी बोर्डात बारावीला ७० टक्के आणि जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक असेल तर इंजिनियरिंगची फी सरकार भरतं. उत्पन्नाची मर्यादा आहे, खासगी कॉलेजात फीचीही मर्यादा आहे; त्या वर्षीचे नियम पोर्टलवर पाहून घ्या. तिकडं महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून जागा हवी तर साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि तिथला रहिवासी दाखला लागतो. दहावी इकडे आणि बारावी तिकडे केलेला पोरगा दोन डोंग्यांवर पाय ठेवून उभा राहतो. पाठवायचंच असेल तर कागद आधी तपासा, सामान मग बांधा.

मार्ग एकच नाही

जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, तीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ कापला जातो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, प्रत्येकी २५ प्रश्न. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच, एनसीईआरटीच्या पुस्तकांशी जुळणारा. ही पुस्तकं हिंदी आणि इंग्रजीत मोबाईलवर फुकट उतरवता येतात. एनआयटीत जायचं तर नुसता क्रमांक पुरत नाही, बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. म्हणून "बोर्डाचं काय, जेईई पाहू" असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

ज्याला बारावीची वाट लांब वाटते त्याच्यासाठी पॉलिटेक्निक आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि मग इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आपल्याकडे खिरसाडोहला सरकारी पॉलिटेक्निक आहे. डिप्लोमा म्हणजे कमी दर्जाचं, हा गैरसमज सोडा. घरची कमाई लवकर सुरू व्हायला हवी अशा घरासाठी हा शहाणपणाचा रस्ता आहे. तिथंही दहावीचं गणित लागतंच.

ज्यांना बोट आणि इंजिन सोडायचं नाही, त्यांनी कोचीची केंद्रीय संस्था सिफनेट पाहावी. १९६३ पासून ही संस्था मासेमारी जहाजांवरची माणसं तयार करते. तिथल्या व्हेसल नेव्हिगेटर आणि मरीन फिटर या कोर्सना दहावीत गणित आणि विज्ञानात वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणजे जाळ्याच्या धंद्यात राहायचं तरी गणित सुटत नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगतो. "पोरीले कशाले गणित, तिले आर्ट दे," हे अजून ऐकू येतं. बाप्पा, बाजारात मासळीचा भाव, उधारी, बर्फाचा खर्च तोंडी कोण सांभाळतं? आपल्या बायकाच. पोरीला गणित येत नाही म्हणणारा माणूस स्वतःच्या घरात पाहत नाही. डिग्री किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. मात्र जागा मर्यादित असतात, म्हणून अर्ज वेळेवर करा.

विरोधातली बाजूही खरी आहे

काही सभासद म्हणतात, "इंजिनियर होऊन पोट्टे घरी बसले हायेत. कर्ज डोक्यावर, नोकरी नाही." हे खोटं नाही. नाव नसलेल्या, प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजात डोंगा विकून पैसे भरण्यापेक्षा न भरलेले बरे, असंच आमचंही मत आहे. कॉलेज स्वतः जाऊन पाहा. वर्कशॉप उघडायला सांगा. तिथं शिकणाऱ्या पोरांशी बाहेर चहाच्या टपरीवर बोला. एजंटाच्या हातात एक रुपयाही देऊ नका.

पण वाईट कॉलेज आहे म्हणून चांगलं गणित सोडायचं, हे बरोबर नाही. गणित पक्कं असलेल्या पोराला पॉलिटेक्निक, आयटीआय, रेल्वे, बँक, तलाठी, सगळे दरवाजे उघडे राहतात. गणित सोडलं की एकाच वेळी बरेच बंद होतात, आणि पुन्हा उघडणं कठीण जातं.

दुसरं, हा विषय फक्त नोकरीचा नाही. धरण कुठं बांधायचं, पाणी कधी सोडायचं, तळाला किती ठेवायचं, हे इंजिनियर ठरवतात. त्यावर आपली मासळी जगते किंवा मरते. १९७५ मध्ये गंगेवर फरक्का बंधारा सुरू झाला आणि समुद्रातून वर चढणारी हिलसा वरच्या गंगेतून जवळपास नाहीशी झाली. कन्हानच्या खोऱ्यातही सिंचनाची कामं होत राहणार. शेतीला पाणी पाहिजेच, आमचा विरोध नाही. पण नकाशा समोर ठेवून, आकडे वाचून, "इथं मासळीला वाट ठेवा" असं सांगणारा एखादा तरी आपल्या घरचा पाहिजे. निवेदन आपण पुष्कळ दिले. नकाशा वाचणारा आपल्यात नव्हता.

मग समितीनं काय करावं?

अब्दुल कलाम साहेबांचे वडील रामेश्वरला नाव चालवायचे, यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी. पोराला मद्रासच्या एमआयटीत इंजिनियरिंगला जागा मिळाली तेव्हा हजार रुपये लागत होते आणि घरात नव्हते. बहीण जोहरानं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. ही गोष्ट आपण स्टेजवर सांगतो, टाळ्या पडतात. आमचं म्हणणं असं, की आपल्या घरातल्या जोहराला बांगड्या गहाण ठेवाव्या लागू नयेत, यासाठीच तर सहकारी समिती आहे.

आपली खरी अडचण पहा. कॉलेजची काउन्सेलिंग, पहिली फी, होस्टेलचं डिपॉझिट, सगळं जून ते ऑगस्टमध्ये येतं. नेमकी हीच बंदीची वेळ. नदीशी संबंध नसलेल्या लहान तलावांना बंदीतून सूट आहे, पण सगळ्यांकडे तसे तलाव नाहीत. घरात रोकड नसते, म्हणून पोट्टा व्याजी पैशावर कॉलेजला जातो किंवा जातच नाही.

म्हणून येत्या आमसभेत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत.

पहिली, बंदीच्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी समितीच्या खोलीत आठवी ते दहावीचा गणिताचा वर्ग. शिकवायला आपलीच बारावी-बीएससी झालेली पोरं, मानधन देऊन. विश्वेश्वरय्यांनी बंगलोरला शिकवण्या घेऊन आपलं शिक्षण केलं, १८८३ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनियर झाले, आणि १९०३ मध्ये खडकवासल्याला पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडणारी दारं बसवली. शिकवणाऱ्याचंही गणित पक्कं होतं, शिकणाऱ्याचंही.

दुसरी, प्रवेशासाठी बिनव्याजी उचल. मासेमारी सुरू झाल्यावर मालाच्या पैशातून हप्त्यानं कापून घ्यायची.

तिसरी, कागदांसाठी एक जबाबदार माणूस. ओबीसीचं नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र जेईईच्या प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यात आणि त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. राज्याचं जुनं प्रमाणपत्र घेऊन गेलेल्या पोराची हातातली जागा जाऊ शकते. हे काम एप्रिलमध्ये व्हायला पाहिजे, जुलैत नाही.

पैसा कुठून येणार, असं विचाराल. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. मंडप, हार, शाल, श्रीफळ, जेवण. सत्कार बंद करा असं म्हणत नाही, साधा करा. जो पोरगा पास झाला त्याला शाल देण्यापेक्षा जो नववीत अडकला आहे त्याला मास्तर देणं जास्त गरजेचं आहे. या मुद्द्यावर काही जण नाराज होतील. आमसभेत या, बोला, आम्ही ऐकू.

तोपर्यंत घरी एक काम करा. हात रिकामे आहेत, जाळी विणून झाली असतील. पोराची किंवा पोरीची गणिताची वही मागा. आपल्याला येत नसेल तरी चालेल. फक्त म्हणा, "हे मले समजावून सांग." तो सांगू शकला तर त्याला येतं. अडखळला तर भोक कुठं आहे ते कळलं. ते याच पावसाळ्यात विणून घ्या. अकरावीची वाट पाहू नका.

आपले विचार खाली लिहा, आणि ज्यांच्या घरी आठवी-नववीचं लेकरू आहे त्यांना हे वाचून दाखवा.

आपल्या समितीच्या वतीनं, राम राम.